मान वळेपर्यंत

गोदामात तिला सगळे फोर्कताई म्हणत. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांत ती एकटीच बाई, आणि सात वर्षांत तिच्या हातून साधं खोकंही पडलं नव्हतं. नवीन हमाल सकाळी तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसत आणि दुपारपर्यंत आपला माल तिनेच उचलावा म्हणून तिच्या मागे लागत.

या गाडीत माल पुढच्या लोखंडी काट्यांवर उचलतात; तो उंच असला की समोरचं काही दिसत नाही. मग गाडी उलटी चालवायची, मान वळवून मागे बघत. निम्मा दिवस असा खांद्यावरून बघण्यात जातो. आणि दोन महिने झाले, फोर्कताईची मान उजवीकडे वळेनाशी झाली होती. हनुवटी खांद्याच्या चार बोटं अलीकडेच अडायची. मग ती सीटवरून अर्धवट उठायची, कमरेतून वळायची, हॉर्न दाबत राहायची. कोणाच्या लक्षात आलं नाही. एकदा चांगलं नाव झालं की लोक नीट बघत नाहीत.

एका मंगळवारी ती पॅलेट, म्हणजे माल रचलेली लाकडी चौकट, घेऊन मागे येत होती. लांब्या म्हणून एक उंचेला हमाल होता, त्याचं चिकटपट्टीचं रीळ घरंगळलं म्हणून तो उजव्या अंगाला वाकला होता. तिला तो दिसलाच नाही. कोणीतरी ओरडलं म्हणून तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा चाक आणि त्याचा पाय यांच्यात वीतभर अंतर होतं. लांब्या रीळ उचलून हसला, म्हणाला, आज वाचलो. तिला हसू आलं नाही. तिने खाली उतरून ते वीतभर अंतर जवळून बघितलं.

लांब्याने कुठे वाच्यता केली नाही. पण त्याच आठवड्यात सुपरवायझरने सांगितलं की वीस तारखेला मुख्य ऑफिसातून सुरक्षा अधिकारी येणार आहेत. प्रत्येकाने भरलेली गाडी प्लॅस्टिकच्या शंकूंमधून उलटी नेऊन दाखवायची. ज्याला जमणार नाही त्याची रवानगी पॅकिंगला. तिथला पगार बराच कमी. तिचा नवरा एका इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन. दोघांच्या कमाईत हातातोंडाची गाठ कशीबशी पडत होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मान दाबून पाहिली, एक्स-रे काढून घेतला. नस दबलेली नाही, म्हणाल्या, वर्षानुवर्षांच्या ताणाने स्नायू आखडलेत. हळूहळू योगासनं सुरू करा. आसनं तिने लक्षात ठेवली, ‘हळूहळू’ हे मात्र या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. योगवर्गाच्या जिन्याखाली फीचा कागद लावला होता. तो वाचून ती तिथूनच मागे फिरली.

मग घरीच करायचं ठरलं. चटई कुठली परवडायला? गोदामात टाकून द्यायला काढलेला जाड पुठ्ठा तिने विचारून घरी आणला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘ही बाजू वर’ असं छापलेलं. घर दोन खोल्यांचं, माणसं तीन, सासूबाई धरून. नवरा सकाळी साडेसहाला येऊन बाहेरच्या खोलीत झोपायचा, म्हणून जागा उरली ती स्वयंपाकघरात, ओटा आणि पाण्याचं पिंप यांच्या मधली. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, पण आवाज बंद करून. नवऱ्याची झोप मोडली तर तो रात्री कामावर पेंगायचा, आणि पेंगणारा वॉचमन कोण ठेवून घेईल?

तर ती नुसतं बघून करायची. पडद्यावरची मुलगी वाकली की ही वाकायची. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून, एकेक दिवस मोजत. पाचव्या दिवशी त्या मुलीने उताणं पडून दोन्ही पाय डोक्यामागे नेले. हिनेही नेले. मानेत काहीतरी कट्‌कन वाजलं, पाय मांडणीवर आदळले आणि ताटल्या, झाकणं, सगळं खाली. नवरा तारवटलेल्या डोळ्यांनी धावत आला. बायको पुठ्ठ्यावर आडवी, पोटावर कढईचं झाकण. तुला काय सर्कशीत जायचंय का, एवढं बोलून तो धुसफुसत परत जाऊन पडला.

सासूबाई दारातून बघत होत्या. सत्तरी उलटलेली फटकळ बाई. सुनेशी त्यांचं बोलणं पाणी आलं का, गॅस बंद केलास का, एवढ्यापुरतंच.

“आवाज बंद करून काय बघतेस?” त्या म्हणाल्या. “मान दुखत असेल तर हे करायचं नाही, असं ती पोरगी आधीच सांगत असणार.”

त्यांनी मोबाइल उचलला, आवाज बारीक करून कानाला लावला आणि मग सुनेच्या कानाला लावला. ती पोरगी खरंच तसं सांगत होती.

“आई, तुम्हाला कसं ठाऊक?”

सासूबाई तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिपाई होत्या, हे सुनेला माहीत होतं. पण तिथल्या हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा योगाचा तास असायचा, आणि तास संपून फरशी पुसायला मिळेपर्यंत त्यांना बादली घेऊन दारात उभं राहावं लागायचं, हे कोणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. बघून बघून सगळं पाठ झालं होतं. स्वतः एकदाही केलं नव्हतं.

दोन दिवस मान जागची हलेना. रजा पडली. तिसऱ्या दिवशी सासूबाई पिंपाला टेकून पाटावर बसल्या आणि शिकवणी सुरू झाली. आधी नुसतं उताणं पडायचं. मग खांदे वर, खांदे खाली. मग भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मानेला त्या हातही लावू देईनात. सून आतल्या आत धुमसत होती.

“आई, दहा दिवस राहिलेत.”

“मानेला तारीख वाचता येत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आधी श्वास सोड. कोंडून धरतेस म्हणून खांदा कानाला भिडतोय.”

गोदामात तिचा जीव टांगणीला लागला होता. गाडी मागे घेण्याआधी ती आसपासची डोकी मोजायची. एक कमी भरलं तर तो माणूस दिसेपर्यंत हलायची नाही. आज फार वेळ लागतोय, असं सुपरवायझर दोनदा बोलला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी लांब्या तिच्याजवळ आला; तिची मान अडते हे त्याने त्या मंगळवारीच ओळखलं होतं. तो म्हणाला, मी शंकूंच्या पलीकडे उभा राहीन. एकदा खोकलो तर उजवीकडे घे, दोनदा खोकलो तर डावीकडे. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

वीस तारखेला अधिकारी आले. बुटका, शांत माणूस, हातात पॅड. फोर्कताईचा नंबर सातवा. तोवर हनुवटी खांद्यापासून दोन बोटांवर आली होती. पहिले तीन शंकू नीट गेले. चौथ्याला उजवं वळण होतं. तिने श्वास सोडत मान वळवली. शंकूचं टोक दिसलं, त्यापुढचं काही नाही. लांब्या एकदा खोकला. तिने चाक फिरवलं. शंकू सुटला. पाचव्याला पुन्हा खोकला, पुन्हा सुटला. आता एकच उरला होता.

तेवढ्यात तिच्या मनात आलं, साहेब कुठे आहेत?

मघाशी ते डावीकडे होते. आता डावीकडे नव्हते, समोरही नव्हते. लांब्याचं सगळं लक्ष शंकूंवर. तो पुन्हा खोकला.  तिने ब्रेक दाबला, किल्ली फिरवली आणि खाली उतरली.

अधिकारी तिच्या मागे, उजव्या अंगाला, चार पावलांवर उभे राहून पॅडवर लिहीत होते.

“साहेब, तुम्ही इथे आहात हे मला दिसलं नाही,” ती म्हणाली. “माझी मान तेवढी वळत नाही.”

सुपरवायझरचा चेहरा पडला. साहेबांनी किती दिवसांपासून असं विचारलं. तिने तीन महिने होत आले असं सांगितलं, त्या मंगळवारचंही सांगितलं. खोकल्याचं तेवढं सांगितलं नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि निकाल दिला. सहा आठवडे गाडीला हात लावायचा नाही, मग पुन्हा परीक्षा. जाताना त्यांनी सुपरवायझरला बजावलं की गाडी मागे येत असताना त्या वाटेवर एकही हमाल दिसता कामा नये.

ती पॅकिंगच्या टेबलावर लेबलं चिकटवू लागली. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. लांब्या तिच्यावर रागावला होता. मी होतो ना, म्हणाला.

“तू रोज माझ्यामागे उभा राहणार होतास का?” तिने विचारलं. 

घरात मोबाइलचं रिचार्ज बंद झालं, म्हणजे व्हिडिओ गेला; उरल्या त्या सासूबाई. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशीची जादा ड्यूटी धरली. चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाचव्या सकाळी घरी आला, बूट काढले आणि झोपण्याआधी पाण्याचं भरलेलं पिंप एकट्याने ढकलत कोपऱ्यात नेलं. आता तिला दोन्ही हात पसरता येऊ लागले.

मान इंचाइंचाने वळत होती. एखाद्या दिवशी तर उलट आणखी आखडायची, तेव्हा सासूबाई शिकवणी दोन पायऱ्या मागे नेऊन पुन्हा खांद्यांपासून सुरुवात करायला लावत. चौथ्या आठवड्यात हनुवटी खांद्याला टेकली. टेकली आणि तिथे राहिली.

सहा आठवडे भरले आणि पुन्हा शंकू मांडले गेले. शेवटच्या वळणावर तिने उजवीकडे बघितलं, तर शंकू दिसला, त्याच्या पलीकडे अधिकारी, आणि त्यांच्याही मागे दारात कप धरून उभा असलेला सुपरवायझर. साहेबांनी सही केली. सोमवारपासून गाडी मिळाली.

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. तिला समोर उभं केलं, मान इकडे वळवायला लावली, तिकडे वळवायला लावली, आणि म्हणाल्या, “डावी बाजूही जरा आखडलीय. उद्यापासून तिचं बघू.”