अंड्याचा प्रश्न

अनुसया सिस्टरांनी दिलेलं इंजेक्शन दुखत नाही, अशी सुरतेच्या अडाजण भागात ख्याती होती. ती खोटी होती. इंजेक्शन दुखायचंच. फक्त सुई आत जाताना सिस्टर असा काही प्रश्न विचारत की माणूस आपला दंड विसरून जाई. बाईला विचारत, सासूबाई किती दिवस राहणार आहेत. पुरुषाला विचारत, केस कधीपासून गळताहेत.

डॉ. जयंत दातारांच्या दवाखान्यात त्यांना तेवीस वर्षं झाली होती. सर्दी-खोकला चालूच असे, पण अलीकडे परदेशी निघालेल्या लोकांची गर्दी वाढली होती. हिऱ्यांचे व्यापारी, साड्यांचे व्यापारी, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया. डॉक्टर त्यांना कुठलं पाणी प्यावं, मलेरियाची गोळी कधी घ्यावी ते सांगत, टायफॉइड-काविळीच्या लशी तिथेच टोचल्या जात. आफ्रिकेत जायचं तर पीतज्वराची लसही लागे. ती मात्र सरकारी केंद्रावर, आठवड्यातल्या एकाच ठरलेल्या दिवशी मिळे. तिथे जाण्याआधीचा कागद दातारांकडे भरायचा आणि त्या कागदावर सहावा प्रश्न होता: अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का? ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार होते. अंड्याने ज्याचा घसा सुजतो, त्याला ती टोचणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता सुरतेत चारचौघांत हा प्रश्न विचारणं म्हणजे एखाद्याला तुरुंगात किती वर्षं होतात असं विचारण्यासारखं. समोरचे आधी दुखावत, मग ताठ होत. आमच्याकडे कांदासुद्धा चालत नाही, बेन. पण ज्या शहरात अंड्याच्या लाऱ्यांपुढे, म्हणजे हातगाड्यांपुढे, संध्याकाळी स्कूटरी तिरक्या लावायला जागा मिळत नाही, तिथे त्या स्कूटरी कुणाच्या, हे सिस्टरांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांनी आपली एक पद्धत बसवली होती. बरोबर आलेल्या आईला किंवा बायकोला त्या वजन करायला बाहेर पाठवत. काटा मुद्दामच बाहेरच्या खोलीत ठेवलेला होता. आई काट्यावर चढली की आत तिचा तिशीतला लेक हळूच सांगे, आठवड्यातून दोनदा, डबल बटर मारून, कधी काही झालं नाही. सिस्टर कागदावर "अ‍ॅलर्जी नाही" लिहीत आणि आई परत येऊन अभिमानाने सांगे, माझ्या मुलाने अंडं डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सगळे खूश.

एवढी हुशार बाई स्वतःच्या घरी मात्र फसली होती.

तिचा नवरा सुकलाल पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवण्याच्या कारखान्यात, रंगखात्याचा मास्तर होता. अमळनेरहून आला तेव्हा जे मिळेल ते खाणारा माणूस. पंचावन्नाव्या वर्षी उधन्याच्या भजनी मंडळात शिरला, गळ्यात माळ घातली आणि पुढच्याच रविवारी अनुसयाचा बिडाचा तवा भंगारवाल्याला देऊन टाकला. त्या तव्यावर आम्लेट होत असे, हा त्याचा गुन्हा. तवा तिच्या आईचा होता. त्यावर टाकलेली भाकरी अशी फुगे की बघत राहावं. सुकलालने बदल्यात काळा, गुळगुळीत, न चिकटणारा तवा आणला. अनुसया त्यावर भाकरी टाकी आणि मनात रोज एक शिवी देई. आपलं उकडलेलं अंडं ती सकाळी अकराला दवाखान्यात, औषधांच्या फ्रीजशेजारच्या स्टुलावर बसून खाई.

नवरा निवृत्त झाला आणि मंडळाचा अध्यक्ष झाला. घरात दोन माणसं, त्यातला एक अध्यक्ष.

त्या वर्षी त्यांची मुलगी स्वाती कंपालात बाळंत होणार होती. जावई तिथल्या एका कारखान्यात हिशेबनीस. तिकिटं निघाली बावीस तारखेची. युगांडात उतरताना पीतज्वराचा दाखला दाखवावा लागतो आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. म्हणजे केंद्रावरचा अकरा तारखेचा बुधवार शेवटचा. सुकलालने मंडळात सांगून टाकलं होतं की आपण आफ्रिकेत हरिपाठ नेतोय. पेटी विमानात नेता येते का, याची चौकशीही केली होती.

नऊ तारखेला तो इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात आला. आपण इथे वशिल्याने आलो आहोत हे बाकीच्या पेशंटांना कळेल अशा बेताने खुर्चीत बसला. डॉक्टरांनी आधी अनुसयाचा कागद भरला, मग त्याचा. रक्तदाब, साखर, जुनी ऑपरेशनं. मग सहावा प्रश्न.

सुकलालने माळेला हात लावला आणि हसून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे तुम्ही मला विचारता?"

डॉक्टरही हसले आणि त्यांनी "नाही" लिहायला पेन टेकवलं.

अनुसया शेजारी उभी होती. तिला एकदम मागच्या फाल्गुनातली संध्याकाळ आठवली. हा घरी आला तो ओठ वांग्यासारखे सुजवून, अंगभर गांधी उठलेल्या, घशातून शिट्टी वाजतेय. गांधीलमाशी चावली म्हणाला. तिने धावत इंजेक्शन आणून टोचलं होतं. चावल्याची खूण शोधली होती, सापडली नव्हती. तेव्हा तिला वाटलं, सुजेत बुजली असेल. तेवीस वर्षं लोकांची तोंडं वाचणाऱ्या बाईला तसं वाटलं, कारण समोर अध्यक्ष होते.

तिने डॉक्टरांना थांबा म्हटलं. नवऱ्याला त्या गांधीलमाशीबद्दल विचारलं. ती कुठे चावली, किती वाजता, चावायच्या आधी काय खाल्लं होतं. सुकलाल चिडला. घरात बोलायची अहिराणी त्याच्या तोंडून दवाखान्यात निघाली. "आपला घरमा अंडं नही, हाई सर्वा उधनाले माहीत शे. तू माले काय इचारस?"

तिच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण तिचं लक्ष दाराबाहेर ठेवलेल्या वजनकाट्याकडे गेलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती आज सिस्टर नव्हतीच. ती बरोबर आलेली बायको होती. आणि बायको खोलीत असेपर्यंत सुरतेत आजवर एकाही पुरुषाने अंडं खाल्लेलं नव्हतं.

"मी जरा वजन करून येते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घालून हसू लपवलं. त्यांना पद्धत माहीत होती.

ती खरोखरच काट्यावर चढली. एकसष्ट किलो. उतरली, पुन्हा चढली. काटा तेच म्हणाला. आतून आवाज येत नव्हता. हा बोलला नाही तर बुधवारी रांगेत उभा राहील, सुई घेईल, आणि त्या सुजलेल्या घशाची शिट्टी या वेळी थांबेल की नाही, कोण सांगणार. बोलला तर अध्यक्षपद जाईल. ती नवऱ्याला पस्तीस वर्षं ओळखत होती. जीव आणि पद यात तो काय निवडेल, याची तिला खात्री वाटेना.

दहा मिनिटांनी डॉक्टरांनी हाक मारली. सुकलाल जमिनीकडे बघत बसला होता. डॉक्टर अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अनुसयाताई, यांना लस द्यायची नाही. मी चिठ्ठी देतो, केंद्रावरून लशीतून सूट दिल्याचा दाखला मिळेल. तिकडे तो बहुतेक चालतो. परत येताना मात्र सहा दिवस वेगळं ठेवतील असं धरून चला. आणि तिकडे डासांपासून जपायचं, लस नाही म्हणजे तेवढाच आधार."

दोघं रिक्षाने घरी निघाली. उधन्याचा पूल उतरल्यावर त्याने आपणहून सांगितलं. मंडळाच्या वर्गणीला निघाला होता, लारीवरून वास आला. माळ काढून खिशात ठेवली होती. एकच प्लेट. आधी कधी त्रास झाला नव्हता, या वेळीच देवाने पकडलं.

"माळ खिशात ठेवलीत," ती म्हणाली, "आणि माझा तवा भंगारात घातलात."

त्याला वाटलं होतं ती प्लेटीवरून बोलेल.

बुधवारी त्याला दाखला मिळाला. गुरुवारी मंडळात कुणीतरी विचारलं, अनुसयाताईंचा दंड दुखतोय म्हणे, तुमचा कसा आहे. आणि सुकलालने तिथल्या तिथे सांगितलं की ती लस अंड्यात वाढवतात, गळ्यात माळ असताना ती अंगात घेणं मला जमलं नाही, सरकारलाही माघार घ्यावी लागली, परत येताना सहा दिवस कोंडून ठेवणार आहेत, ठेवू देत.

रविवारी मंडळाने त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, पेढे. बोलणाऱ्याने त्याला निष्ठेचा मेरू म्हटलं. अनुसया पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स, पर्समध्ये दातारांच्या अक्षरातली चिठ्ठी: अंडे खाल्ल्यानंतर तीव्र प्रतिक्रिया, एक वेळ. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनेही वाजवल्या. व्यासपीठावरून नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पर्सची चेन थोडी उघडली आणि पुन्हा लावली. बास, एवढंच.

सोमवारी दुपारी सुकलाल घामाघूम होऊन घरी आला. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी जड. ओट्यावर ठेवून तो पंख्याखाली बसला. बिडाचा तवा होता. जुना, वापरलेला, आईचा नव्हे, पण कुणाच्या तरी आईचा. त्यासाठी तो किती भंगारवाल्यांकडे फिरला असेल, हे त्याच्या काळ्या झालेल्या शर्टावरून दिसत होतं.

तिने तवा घासला, तेल लावून तापवला, भाकरी टाकली. भाकरी फुगली. मग स्वातीला फोन करून सांगितलं की बाबा येतायत, घरातली अंडी संपवून टाक. माळेमुळे ना, स्वाती म्हणाली. तव्यावर भाकरी आहे, नंतर सांगते, असं काहीतरी बोलून अनुसयाने फोन ठेवला.

बावीस तारखेच्या बॅगेत तवा सगळ्यात खाली गेला. कपड्यांना तेल लागू नये म्हणून तिने तो सत्काराच्या शालीत गुंडाळला. सुकलाल बॅगेची चेन धरून शेजारीच उभा होता. त्याने ते पाहिलं, आणि चेन लावली.