गाळातल्या कोळशाचं वय

खड्ड्यात उतरून माती काढत राहिलं की किस्सेही निघतात. मातीचा ढीग लगेच दिसतो, किश्श्यांचा फार उशिरा. ऐंशी सालाच्या आसपास सायखेड्याला, गोदावरीच्या काठी, मी एका संशोधक बाईंच्या हाताखाली खणत होतो. गाळाचा कुठला थर किती जुना, आणि तेव्हा पाऊस जास्त होता की कमी, हे त्यांना शोधायचं होतं. त्यावरच त्यांची डॉक्टरेट होती.

*

बाईंचा पहिला नियम: खड्ड्याजवळ विडी ओढायची नाही. नवी राख थरातल्या जुन्या कोळशात मिसळली, तर त्याचं वय कमी निघतं म्हणे. जीपचे ड्रायव्हर युसूफभाई साठीला टेकलेले. म्हणाले, "मी रोज बंडलभर ओढतो बाई, माझं का कमी होत नाही?"

*

आम्ही खणत होतो तो मळा तात्यांचा. त्यांनी विचारलं, "कोळशाचं वय कळतं कसं?"

बाई म्हणाल्या, "झाड जिवंतपणी हवेतला कार्बन घेतं. मेलं की त्यातला एक प्रकार हळूहळू घटत जातो. किती उरला, ते मोजायचं."

तात्या विचारात पडले. "म्हंजे मेल्याबिगर खरं वय कळायचं नाय!"

*

मला आकडे लिहिता येत नाहीत. म्हणून ओळखायला वरच्या थराच्या पिशवीत मी ज्वारी टाकली, मधल्या थराच्या पिशवीत हरभरा, खालच्या पिशवीत मूग. बाईंनी पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. "मामा, लॅबवाले मुगाचं वय काढतील!"

तेव्हापासून पिशवीच्या तोंडाला दोरी, आणि दोरीला गाठी.

*

शेवटी तळाच्या थरात मूठभर कोळसा सापडला. बाईंनी पुडी बांधून तात्यांच्या ओसरीवर ठेवली, चार दिवसांनी लॅबला पाठवली.

काही महिन्यांनी पत्र आलं: कोळसा अगदी आत्ताचा आहे! तळचा थर नवा आणि वरचे जुने? बाईंचे सर म्हणाले, सगळं काम बाद. पत्र घेऊन बाई तात्यांच्या ओसरीवर आल्या. तात्यांनी विचारलं, तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं.

तात्या म्हणाले, "बरोबर हाय की! तुझा कोळसा मी दात घासायला घेतला. मग वाईट वाटलं, म्हणून आमच्या चुलीतला भरून ठेवला. बाभळीचा!"

बाई आधी रडल्या, मग हसल्या. डोळे पुसून मला म्हणाल्या, "मामा, फावडं घ्या. तळाला अजून असेल."

तात्यांनी हात धरून मला थांबवलं. "कशाला खणता एवढ्या उन्हाचं? घरात पाटीभर हाय!"