अर्ज सोलणाऱ्या अनिताबाई

रोह्याजवळ वरसेला डॉ. अनिता ठाकूर यांचा दवाखाना आहे आणि दवाखान्यामागेच त्यांचं स्वयंपाकघर. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे ताप, खोकला, कंबर. पलीकडे वालाची टोपली. संध्याकाळचे पेशंट संपले की बाई पलीकडे जातात आणि मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला बसतात. एकटीला इतकं बिरडं लागत नाही. पण नुकती डॉक्टर झालेली आसपासची मुलं-मुली पुढच्या प्रशिक्षणाच्या जागेसाठी अर्ज लिहितात, तेव्हा तो दाखवायला इथे येतात. बाई त्यांना आधी वाल सोलायला बसवतात.

“हात रिकामे असले की मानूस भाषण करतो,” त्या म्हणतात.

बाई धरमतरच्या खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. काही वर्षं त्या मुंबईच्या एका रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर निवडणाऱ्या समितीवर होत्या. ढीगभर अर्ज वाचून त्यांना एक प्रकारची उदासी आली. सगळ्यांना लहानपणापासून सेवेची आवड. सगळे दडपणाखाली शांत. “एवढी शांत मानसं हायत, तर मग वॉर्डात बोंबलतं कोन?” असं त्यांनी एकदा समितीतच विचारलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत दर्शना वाघमारे त्यांच्याकडे आली. रोह्याच्या पुढे नदीकाठी आदिवासी वाडी आहे, तिथली ही पहिली डॉक्टर. सरकारी बंधपत्राची एक वर्षाची नोकरी एका आरोग्य केंद्रात संपत आली होती. डोलवीकडे कारखान्याच्या एका कंत्राटदाराच्या दवाखान्यात काम मिळण्यासारखं होतं, पण तिला आपत्कालीन विभागात शिकायचं होतं. मुंबईत एका ट्रस्टच्या रुग्णालयात तशा दोन जागा निघाल्या होत्या. आधी अर्ज, मग मुलाखत. ही जागा हुकली तर डोलवी, आणि डोलवीला गेलं की आपलं शिकणं थांबणार, हे तिला ठाऊक होतं.

सोबत वडील होते, बुधा. मजुरीत मिळालेले वाल त्यांनी पिशवीतून आणले होते. ते दाराबाहेर पायरीवरच बसले.

“बुधा, बाहेर का रं? आत ये की.”

“नाय बाई, पाय मातीचं हायत.”

“माझ्या बापाचं मिठाचं व्हते. ये, सोलायला बस.”

बुधा आत आले. बाईंनी अर्ज वाचला. वाचताना त्यांचा चेहरा हळूहळू पेशंट बघतानाचा झाला.

“काय गो, हा अर्ज कोनाचा?”

“माझाच.”

“तुझा नाव काढून दुसऱ्या कोनाचा टाकला तर चालंल का?”

बुधांनी खाली मान घालून वालाचं एक टरफल उडवलं.

“सेवेची आवड खोड. समर्पण खोड. ज्या कामाची जागा हाय, तसा काम तू कधी केलंस ते सांग. लिहू नको, सांग. आनी सोलत ऱ्हा.”

मग दर्शनाने सांगायला सुरुवात केली. भातलावणीचे दिवस होते. सकाळी सकाळी एक मजूर बाई पोट दुखतंय म्हणून आरोग्य केंद्रात आली. दर्शनाने आम्लपित्ताचं इंजेक्शन दिलं आणि तिला बाकावर बसवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर तिच्या पापण्या जड झालेल्या. झोप आली असेल, असं क्षणभर वाटलं. मग दर्शनाने विचारलं, रात्री कुठे झोपली होतीस? ती म्हणाली, शेतावरच्या खोपीत, खाली.

मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते; चावा झोपेत कळतही नाही, खूण दिसत नाही, सकाळी नुसतं पोट दुखतं आणि मग पापण्या जड होतात. दर्शनाने सर्पविषावरचं औषध लावलं. श्वास मंदावला तेव्हा हाताने दाबायच्या फुग्याने तिला श्वास देत ॲम्ब्युलन्समधून जिल्ह्याच्या गावापर्यंत नेलं. ती मजूर बाई वाचली.

“आनी ह्यो अर्जात नाय?” अनिताबाईंनी विचारलं.

“आधी चुकले ना मी.”

“चुकलीस.”

“दुसरं कोणी चुकलं असतं तर ठीक. आमच्या वाडीत सगळे खालीच झोपतात. माझी आजी अशीच गेली. मला माहीत होतं, बाई. शिकताना इतकी वर्षं होस्टेलला कॉटवर झोपले आणि विसरले.”

बुधांचे हात थांबले. ते लेकीकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपली जरा आपल्याकडे ओढून घेतली आणि तिच्या वाटणीचेही वाल सोलू लागले.

“हाच लिही,” बाई म्हणाल्या. “चुकलीस ते लिही, कधी कळला ते लिही, मंग काय केलंस ते. आनी त्यानंतर तुझ्या कामात काय बदलला, तो लिही. रडू नको कागदावर. समिती अश्रू पुसाया बसत नाय.”

दर्शनाने लिहिलं. शेवटचं वाक्य असं होतं: तेव्हापासून सकाळी पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारते, रात्री कुठे झोपला होता.

मुलाखतीत एका डॉक्टरांनी नेमकं त्या चुकीवरच बोट ठेवलं. “तुम्ही वाडीतल्या, तुम्हाला तर हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं.” दर्शना म्हणाली, “व्हय.” घरातला शब्द तोंडातून गेला. तिने तो सावरला नाही, आणि कारणही पुढे केलं नाही. पुढे बराच वेळ ते सापांबद्दलच विचारत राहिले. जागा मिळाली.

पावसाळा लागला तसा बुधांचा खोकला वाढला. ते औषधाला आले. दर्शनाने पहिल्या पगारातून घरी लोखंडी खाट पाठवली होती, हे बाईंना फोनवर कळलं होतं.

“खाट कशी हाय रं?”

“झ्याक हाय. बियान्याची पोती ठेवलीत वर. खाली वल येते ना.”

“आनी तू?”

“मी खालीच.”

बाईंनी स्टेथोस्कोप त्यांच्या छातीवरून उचलला. “बुधा, मण्यार पोत्याला चावाया येनार काय रं?”

बुधा हसले आणि हसता हसता खोकले. बाईंनी गोळ्यांची पुडी बांधली, पण हातातच धरून ठेवली.

“आजच्या पुरत्या घेऊन जा. खाटंवर झोपल्याचा फोटू आला की बाकीच्या देते.”

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या मोबाईलवरून फोटो आला. पोती भिंतीशी फळीवर गेली होती. खाटेवर बुधा उताणे, हात छातीवर, डोळे गच्च मिटलेले, पायात चपला. जणू कुणीतरी तपासायला येणार आहे. बाईंनी तो फोटो दर्शनाला पुढे पाठवला आणि बाकीच्या गोळ्या मोजायला घेतल्या.