रेडिओ डॉक्टर आणि आत्याचा अत्यवस्थ नवरा

वॉर्डात त्यांना सगळे रेडिओ डॉक्टर म्हणत. माणूस हुशार, छातीला स्टेथोस्कोप लावला की हृदयाच्या झडपेतला बारीकसा दोषही पकडत. पण रोग्याने 'मला काय झालंय?' असं विचारायचा अवकाश, यकृताची रचना, रक्ताचा प्रवास, गोळीचा शोध कसा लागला, इथपर्यंत सगळं त्या बिचाऱ्याला ऐकावं लागे. रोगी बरे व्हायचे. काही तर घरी जायच्या घाईनेच बरे होत असावेत.

तज्ज्ञ फिजिशियन व्हायला लागणारी मेंबरशिपची परीक्षा या बोलण्यापायीच अडली होती. लेखी पेपर डॉक्टरांनी पहिल्या झटक्यात काढले. रोगी तपासायच्या परीक्षेतही हात स्वच्छ चालला. पण त्या परीक्षेत एक खोली अशी असते, की तिथे रोग्याचा नातेवाईक म्हणून नट बसवलेला असतो. त्याला वाईट बातमी सांगायची आणि परीक्षकांनी कोपऱ्यातून बघायचं. तिथे डॉक्टर दोनदा आपटले. दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी शेरा मारला, 'उमेदवाराने नातेवाईकाला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही.'

घरात डॉक्टर आणि त्यांची आत्या, दोघंच. आत्याने लग्न केलं नव्हतं. सारी नोकरी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीमागे गेली. लोकांचा आरडाओरडा ऐकून ऐकून तिला रागाचे सगळे प्रकार तोंडपाठ झाले होते. शेरा वाचून ती म्हणाली, "मी होते नातेवाईक. बस समोर."

जेवणाच्या टेबलाशी तालीम सुरू झाली. आत्याचा नवरा अतिदक्षता विभागात, वाचण्याची आशा नाही, असा प्रसंग ठरला.

"नमस्कार. तुमच्या पतींच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झालाय. आता फुप्फुसाचं काम असं असतं की..."

"ते गेलं चुलीत! माणूस कसा आहे ते सांगा!"

"तेच सांगतोय. प्राणवायू रक्तात मिसळताना..."

आत्याने टेबलावर अशी थाप मारली की बिस्किटांची बशी उडाली. "तुमचे वरिष्ठ कोण आहेत? बोलवा त्यांना! मी इथून हलणार नाही!"

डॉक्टर हबकून खुर्चीसकट मागे सरकले. आत्याने लगेच खुशीत विचारलं, "कसं केलं?"

रोज नवी आत्या. कधी संशयी, कधी बहिरी, कधी नवऱ्याशी वर्षानुवर्षं अबोला धरलेली. एक गोष्ट मात्र ठरलेली होती. डॉक्टर दोन वाक्यांच्या पुढे गेले की आत्या अंगावर यायची. हळूहळू त्यांना सवयच लागली. दोन वाक्यं बोलायची आणि खुर्ची घट्ट धरून बसायचं.

एका संध्याकाळी डॉक्टरांच्या विभागाच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, चहाला आल्या. बेल वाजली तेव्हा तालीम ऐन रंगात होती. आत्याने दार उघडलं ते तावातावातच. "आता आलात? माझा नवरा तिकडे शेवटचा श्वास घेतोय!"

मॅडम सराईतपणे म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतं. आपण बसून बोलू या का?"

"बघ!" आत्या मागे वळून ओरडली. "असं बोलायचं!"

त्यानंतर मॅडम आणि आत्या स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. डॉक्टरांना वाटलं, आपल्याबद्दलच चाललंय.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरांनी आत्याला थाप मारली, "ड्युटीवर जातोय." परीक्षा आहे म्हणून सांगितलं तर तिने स्टँडपर्यंत तालीम घेतली असती. आत्याही इस्त्रीची साडी नेसून तयार होती. म्हणाली, "मी मैत्रिणीकडे जातेय." दोघंही वेगवेगळ्या बसने शेजारच्या शहरातल्या एकाच इस्पितळात पोचले.

डॉक्टर त्या खोलीत शिरले. कोपऱ्यात दोन परीक्षक. खुर्चीवर, पदराने डोळे टिपत, आत्या.

त्यांनी नियमाप्रमाणे परीक्षकांकडे वळून सांगितलं, "सर, या माझ्या ओळखीच्या आहेत. माझी आत्या आहे ही."

नटांना सक्त ताकीद होती, काही झालं तरी भूमिका सोडायची नाही. आत्या ताडकन उठली. "कोण आत्या? माझा नवरा आत तडफडतोय आणि हे डॉक्टर इथे नाती जोडतायत!"

"आत्या, अगं पुरे."

"अहो-जाहो करा!"

चष्मेवाल्या परीक्षकांनी एकदा डॉक्टरांच्या नाकाकडे पाहिलं, एकदा आत्याच्या. तेच नाक, तीच ठेवण. त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते पाठ फिरवून बराच वेळ खोकत राहिले. आत्याला बाहेर नेलं. जाताजाताही ती म्हणत होती, "मी वरपर्यंत जाईन!"

तिच्या जागी राखीव नट आणला. जाड मिशांचा, धिप्पाड माणूस. आता त्याची बायको अत्यवस्थ होती.

डॉक्टर समोर बसले. "तुमच्या पत्नींची प्रकृती फार गंभीर आहे. त्या यातून वाचतील असं आम्हाला वाटत नाही."

दोन वाक्यं झाली. डॉक्टरांनी खुर्ची घट्ट धरली आणि हल्ल्याची वाट बघू लागले. हल्ला आलाच नाही. तो धिप्पाड माणूस ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. डॉक्टरांच्या जिभेवर फुप्फुसं, रक्तदाब, औषधं सगळी रांगेत उभी होती. पण त्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघताना त्यातलं काहीच बोलावंसं वाटेना. त्यांनी कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला आणि नुसते बसून राहिले.

डोळे पुसत त्याने विचारलं, "तिला दुखतंय का?"

"नाही. दुखू नये याची आम्ही काळजी घेतोय."

"मी जवळ बसू तिच्या?"

"चला. मी येतो तुमच्याबरोबर."

घंटा झाली.

बाहेर बाकावर आत्या फुगून बसली होती. "कशाला बोललास? काय रंगले होते मी!"

"नियम आहे, आत्या. आणि मैत्रीण कशी आहे तुझी?"

"तुझ्या ड्युटीसारखीच," आत्या म्हणाली.

डॉक्टर पास झाले. वॉर्डातल्या सिस्टरांनी त्यांना पेढ्यांऐवजी घशाच्या गोळ्यांची बाटली भेट दिली. परीक्षेसाठी नट जमवणाऱ्या मोठ्या मॅडमनी मात्र आत्याला सोडलं नाही. ओळखीचं कुणी परीक्षेला नसेल अशा दूरदूरच्या केंद्रांवर तिला पाठवायला लागल्या.

परवा तशाच एका केंद्रावरून ती परत आली, ती नाक लाल करून. डॉक्टर घाबरले. "काय झालं?"

"काही नाही रे. एक मुलगी होती परीक्षेला. इतकं मायेनं बोलली, इतकं मायेनं बोलली, की मला खरंच रडू आलं." तिने चपला कोपऱ्यात भिरकावल्या. "आणि ते कुणासाठी? त्या मेल्या नवऱ्यासाठी!"