लटारूभाऊंची सहा बटणं

चामोर्शीच्या लटारूभाऊंनी झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्यभर खून पाडले, पण पोलीस कधी दारात आले नाहीत. खलनायकानं नुसतं पिस्तूल रोखायचं. गोळी मारायचे लटारूभाऊ. रंगमंचाच्या पुढ्यात, ऑर्गनवाल्याच्या शेजारी विजेवर चालणारा, हवे ते आवाज काढणारा पॅड मांडून ते बसत आणि दोन काड्यांनी गाण्याला ठेका देत, विजा पाडत, सासवांच्या वतीनं सुनांच्या थोबाडीत मारत.

उन्हाळ्यात लकवा आला. वाचा परतली, पाय परतला, उजवा हात मात्र परतला नाही. जेवताना तो पाहुण्यांच्या लेकरासारखा मांडीवर घेऊन बसावं लागे. दिवाळी जवळ आली, हंगाम तोंडावर आला, तसा नाटक मंडळाचे मालक गुणवंतराव यांचा फोन आला, "वडशाले तालमीले या, भाऊ. पाहू. नाई जमलं तं आदेशले घ्या लागन." आदेश हा तरुण पॅडवाला. तो वाजवायचा चांगला, आणि भाऊंना नेमकं तेच बोचत होतं.

त्यांची मुलगी दिव्यानी गडचिरोलीच्या फोटो स्टुडिओत व्हिडिओ जोडायचं काम करी. ती एक कीबोर्ड घेऊन आली. कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांचा. त्याच्या डाव्या कडेला सहा जादा बटणं होती. जे शिकवाल ते करणारी.

"बाबा, एका हातानं होते. पाहून तं घ्या."

बैलबाजारात गोऱ्हा पाहावा तसा भाऊंनी तो पाहिला. उलटा केला, बटणं दातांसारखी हलवून पाहिली. वायर दिव्यानीच्या लॅपटॉपला लावताच त्यात इंद्रधनुष्य नाचू लागलं.

"हे काऊन चमकून राह्यलं?"

"गेमवाल्याईले आवडते."

"तिकडं माणूस मरन अन् इकडं माह्या तोंडावर दिवाळी दिसन! बंद कर."

दिवे विझले. दिव्यानीनं पॅडमधले आवाज एकेका बटणात भरले. बटणांची खटखट होती, पण स्पीकरपुढे ती कोण ऐकतो? खरी परीक्षा पुढेच होती. भाऊंनी दिव्यानीला स्वतःच्या गालाजवळून हात फिरवायला लावला आणि थोबाडीचं बटण दाबलं. हात आणि आवाज एकदमच पडले. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. पोरीनं तालमीत नसतील इतक्या थोबाडीत खाल्ल्यावर भाऊंनी निकाल दिला, "जनावर इमानदार हाये."

खुनाच्या प्रवेशात बोटं अडू नयेत म्हणून दिव्यानीनं एकाच बटणात सगळं भरलं: गोळी, किंकाळी, वीज, जरा थांबून रडवणारी धून. एकदा दाबलं की सगळं ओळीनं. भाऊ हरखले. निम्म्या अंगाच्या माणसाला आणखी काय हवं!

वडशाच्या तालमीत खून होणाऱ्या मुलाच्या आईचं काम अंजनाबाईंचं होतं. त्यांची एक रीत होती. मुलगा पडला की त्या लगेच रडत नसत. त्याचं डोकं मांडीवर घेऊन नुसत्या बघत बसत, समोरच्या माणसांचा श्वास अडकेपर्यंत. किती वेळ, ते गावागणिक निराळं. त्यांचे खांदे खाली आले की भाऊ धून सुरू करत.

दिव्यानी लॅपटॉप घेऊन शेजारी बसली आणि भाऊंनी बटण दाबलं. गोळी सुटली, किंकाळी झाली, वीज कडाडली. अंजनाबाई मुलाशेजारी जेमतेम टेकताहेत, तोच धून गळा काढून रडायला लागली. मेलेला मुलगा फिस्सकन हसला.

"लटारूभाऊ, मले रडू तं द्या! तुमच्या मशीनले बस पकडाची हाये काय?"

सगळे हसले, भाऊही हसले. मग गुणवंतराव चष्मा पुसू लागले. कुणाला नाही म्हणायचं असलं की ते चष्मा पुसत. हे पाहिलं आणि भाऊंचं हसू गेलं. चूक मशीनची नव्हती. हाताच्या धास्तीनं त्यांनी डोळ्यांचं कामही बटणाला देऊन टाकलं होतं.

"दिव्यानी, हे सोडव. एका बटनात एकच आवाज."

"बोटं पुरतीन काय, बाबा?"

"नाई पुरले तं आदेश हायेच."

दिव्यानीनं लॅपटॉपवर त्या बटणातले चार आवाज चार बटणांत वेगळे केले. पुन्हा प्रवेश लागला. गोळी, किंकाळी, वीज. मग शांतता. अंजनाबाई मुलाकडे बघत राहिल्या आणि भाऊ अंजनाबाईंच्या पाठीकडे. धुनेच्या बटणावर त्यांनी बोट अधांतरी धरलं होतं. तालमीत पब्लिक नव्हतं, तरी बाईंनी खूप वेळ घेतला. अखेर खांदे खाली आले, आणि बोटही. या वेळी मेलेला मुलगा मेलेलाच राहिला.

गुणवंतराव जवळ येऊन बसले. "आवाज तुमचेच, भाऊ. पण गाण्यावरचा पॅड..."

"त्याले दोन हात लागते जी," भाऊच म्हणाले. "आदेशले बसवा."

आदेश आला, पण भाऊंच्या पॅडला हात लावेना. नुसता उभा राहिला. भाऊंनी डाव्या हातानं स्टँडचा स्क्रू सैल केला आणि पॅड वीतभर खाली घेतला.

"बस ना. बुटका हायेस तू, माह्या उंचीवर खांदे दुखतीन."

मग कीबोर्ड काखेत मारून ते एक खुर्ची पलीकडे सरकले.