गुडघ्याखालचा लोड

१८ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. वर्ध्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी माझा एक्स-रे दिव्यासमोर धरला. उजव्या गुडघ्याची कूर्चा पूर्ण झिजली होती. सांधा बदलणे अटळ होते. तारीख मात्र त्यांनी दिली नाही. माझा क्वाड्रिसेप्स, म्हणजे गुडघा सरळ करणारा मांडीचा पुढचा स्नायू, दुर्बल होता. "आधी पाय ताठ उचलून दाखवा. नाहीतर नव्या सांध्यावरही वॉकर सुटणार नाही."

हिंगणघाटला आमचे कापडाचे दुकान आहे. आयुष्य गादीवर बसून गेले. तरी रोज पलंगावर पडून पाय उचलून धरू लागलो. पत्नीला ते पटले नाही. "इतकं मोठं आपरेशन हाय, आता काऊन झिजवता त्याले?" मी ऐकले नाही. संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभा राहिलो.

घरी आल्यावर मात्र ऐकले. पत्नीने दुकानातील गादीवरचा, पाठ टेकायचा लोड आणवून गुडघ्याखाली ठेवला. वेदना तत्काळ उतरली. व्यायाम संपला की पाय पुन्हा लोडावर. भेटीला येणारे दारातूनच विचारीत, "काकाजी, आराम हाय काय?" मी होकार देत असे.

टाके काढले त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय सपाट ठेवण्यास सांगितले. गुडघा खाली टेकेना. घरी पायाखाली काय ठेवता, असे त्यांनी विचारले. मी सांगितले.

"काकाजी, आराम दोन परकारचा असते. एक पडून राह्यचा, एक बरं व्हायचा. तुमी कोणता घेऊन राह्यले?"

याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात: सांधा वाकलेल्या स्थितीतच आखडणे. तो सुटला नाही, तर चाल कायमची लंगडी राहील, असे त्या म्हणाल्या. पत्नी शेजारीच उभी होती.

त्या दिवसापासून बाईंच्या सांगण्यावरून लोड टाचेखाली गेला. गुडघा अधांतरी राही आणि स्वतःच्या भाराने खाली जाई. वेदना असह्य होती. पत्नी पायथ्याशी बसे. मी पुरे म्हटले की म्हणे, "जरासक थांबा." रडत असे ती, लोड काढत नसे.

ज्यांना ही शस्त्रक्रिया करावयाची आहे, त्यांनी आधी मांडी बळकट करावी. नंतर गुडघ्याखाली काही ठेवू नये, कोणी मायेने दिले तरी.

होळीच्या आदल्या दिवशी लोड काढून पाय सपाट ठेवला, तेव्हा गुडघा गादीला टेकला. पत्नीने खाली हात घालून खात्री केली. त्या संध्याकाळी मी वॉकरविना फाटकापर्यंत गेलो, दूध घेतले आणि आत येऊन तापत ठेवले.