इशाऱ्यांवर घासाघीस

स्क्रीनवर पिवळी ओळ उमटली की मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या, माझ्याकडे न बघताच तळहात दाखवायच्या आणि म्हणायच्या, "थांब. तो काहीतरी सांगतोय."

तो म्हणजे कंपायलर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा. माणसांनी वाक्य अर्धं सोडलं तरी मॅडमना चालायचं, कंपायलरने मात्र मध्येच थांबलेलं चालत नसे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजची सॉफ्टवेअर बांधण्यात उमेदीची वर्षं घालवून त्या निवृत्त झाल्या आणि श्रीवर्धनला वडिलांच्या सुपारीच्या बागेत येऊन राहिल्या. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी भांडल्याशिवाय काम होत नाही आणि ज्याच्याशिवायही होत नाही.

मी मूळचा पेणकडचा, मिठागरातला. श्रीवर्धनला होड्यांचे वायरलेस दुरुस्त करत करत स्वतःचा डबा बनवला. होडी कुठे आहे, भरती किती, खाडीच्या तोंडातून आत कधी शिरावं, हे तो सांगतो. त्याची छोटी ऑपरेटिंग सिस्टीमही माझ्याच दुकानात लिहिलेली. बंदरातल्या बहुतेक होड्यांवर माझे डबे होते, आणि ते बंद पडायला लागले.

"शेठ, डबा पुनवेला बसतो, आवसेला बसतो. मधी काय न्हाय," होडी चालवणारा एक तांडेल म्हणाला.

"डब्याला काय पंचांग कळतं?" मी उखडलो.

तो गेला आणि त्याने डब्याला लिंबू-मिरची बांधली. आठवड्याभरात बंदरात लिंबू-मिरचीशिवाय डबा दिसेना. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी सगळ्यांदेखत मला सुनावलं, "नारळी पुनवेला होड्या सुटतील. त्याच्या पुढच्या पुनवेला एक जरी डबा बसला, तरी सगळे काढून तुझ्या दारात टाकीन. पुण्याच्या कंपनीचे तयारच आहेत." वर म्हणाले, "गावठी डबा तो गावठीच." हे शेवटचं मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी मी मॅडमना गाठलं. त्यांनी तांडेलाचं म्हणणं ऐकलं आणि त्या हसल्या नाहीत. "डब्याचं घड्याळ पुनवेवर ने," म्हणाल्या. नेलं. डबा माझ्या टेबलावर मुकाट बसला.

पण चूक कुठे ते कळेना. आमचा कंपायलर एका बड्या कंपनीचा, बंदिस्त, आतलं काही दाखवत नसे. मी त्यांना फोन लावला. पलीकडचा साहेब गोड आवाजात म्हणाला, "सर, प्रॉब्लेम आपके कोड में होगा." कुठे, ते सांगायला त्याला आधी नव्या करारावर सही हवी होती. मी आयुष्यभर बंदरावर भाव केलेत, पण दार लावून भाव करणारा माणूस मला खपत नाही. मी त्याला काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

मॅडमनी माझा फोन काढून घेतला. "ओरडून झालं? आता कंपायलर बदलू. खुला आहे, सगळं जग वापरतं."

"पूर्ण सिस्टीम पुन्हा बांधायची? पुनव तोंडावर आलीय!"

"मग ओरडण्यात वेळ घालवू नकोस."

पहिल्या दिवशी नव्या कंपायलरने आमचा कोड तोंडात धरायलाही नकार दिला. जुन्या कंपनीच्या लाडक्या सवयी त्यात जागोजागी होत्या, त्या मॅडमनी उपटून काढल्या. मग आले इशारे, त्याच पिवळ्या ओळी. पडदा भरून वाहिला. जुन्याने वर्षानुवर्षं एक शब्द काढला नव्हता, आणि हा बाजारातल्या कोळणीसारखा सुटला.

मी माझ्या धंद्याप्रमाणे सुरुवात केली. "मॅडम, अर्धे सोडून देऊ. मोठे मोठे तेवढे घेऊ."

"नाही."

"बरं, स्क्रीनचे सोडू. स्क्रीनने होडी बुडत नाही."

"इशाऱ्यांवर घासाघीस नसते, शेठ. पापलेट आहे का ते?"

"पापलेटवाली तरी थोडं सोडते!"

"म्हणून तू तिच्याकडे जातोस. माझ्याकडे आलायस ना? पुढची ओळ वाच."

मी चिडून दुकानाबाहेर जायचो, चहा मारून परत यायचो. त्या तिथेच असायच्या, अडकित्त्याने सुपारी कातरत, एकेक इशारा मिटवत. इशारे संपले तरी डबा सुरू होईना. यंत्र जागं होतं तिथला पहिला भाग त्यांनी नव्याने लिहिला. डबा जागा झाला. मी टाळी वाजवली, तर म्हणाल्या, "अजून पुनव कुठे झालीय?"

नव्या कंपायलरला एक सोय होती. प्रोग्रामने कुठे हद्द ओलांडली तर तिथेच थांबून तो ओळ दाखवायचा. घड्याळ पुनवेवर नेलं. डबा थांबला, आणि या वेळी बोलला. भरतीच्या तक्त्याची ओळ होती, मीच लिहिलेली.

मी तिथींना पंधरा घरं दिली होती, एक ते पंधरा. यंत्र पहिल्या घराला शून्य म्हणतं, त्यामुळे त्याच्या लेखी शेवटच्या घराचा नंबर चौदा. पंधराव्या तिथीला, म्हणजे पुनवेला नि आवसेला, माझा डबा अस्तित्वातच नसलेल्या घरात हात घालत होता.

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. "पुण्याच्या पोराने ही चूक केलीच नसती रे!"

"त्याने तिथीच घातली नसती!" मी म्हणालो. "आमच्याकडे शून्याव्या तिथीला कोण होडी काढतं?"

"ते मात्र खरं," म्हणाल्या, आणि तक्त्यात एक घर वाढवलं.

नवा प्रोग्राम सगळ्या डब्यांत भरला. ठरलेल्या पुनवेला भर उधाणात होड्या परतल्या. चेअरमन धक्क्यावर उभे राहून प्रत्येक होडीत स्वतः उतरले. प्रत्येक डबा चालू. शेवटच्या होडीतून वर आले तेव्हा मी विचारलं, सगळ्यांदेखतच, "गावठी ना?" ते म्हणाले, "गावठीच. म्हणून तर राहू दे." बंदर हसलं. सौदा करायला आलेली पुण्याच्या कंपनीची गाडी त्या दिवशी तशीच परत गेली. तिला हात दाखवायला मी मुद्दाम रस्त्यापर्यंत गेलो.

पुढे मॅडमच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी लेकीकडे जायचं ठरवलं. दिघीच्या जेट्टीवर मी त्यांना सोडायला गेलो. सुपारीची पिशवी त्यांनी मला धरू दिली नाही. लाँचचा तांडेल त्यांना ओळखत नव्हता; मॅडम त्याच्याच शेजारी बसल्या. त्याच्या पुढ्यात माझा डबा होता.

"बघा मावशी," तांडेल म्हणाला, "आमच्या श्रीवर्धनचा हाय. पुनव असो, आवस असो, बसत न्हाय."

मी जेट्टीवरून ओरडणारच होतो की अरे, त्या कोण आहेत ते विचार आधी! पण इंजिन सुरू झालं होतं, आणि मॅडम पुढे वाकून विचारत होत्या, "असं? आणि हा आकडा कसला?" लाँच फिरली. तांडेल बोट ठेवून भरती समजावत होता, आणि त्या शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होत्या.